झिपरीची डावी मांडी : गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बारा आठवड्यांचा व्यायाम

झिपरीशी माझी पहिली ओळख व्हिडिओतून झाली. शेंगेच्या आकाराचा, मध्ये खोलगट असा पिवळा बॉल, त्यावर चारही पाय ठेवून उभी असलेली केसाळ काळी कुत्री, नाकासमोर खाऊ धरलेला हात आणि मागून पंधरा वर्षांच्या मुलाचा आवाज : "सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस!" तीस झाले, खाऊ मिळाला आणि कुत्रीने शेपटी हलवत खाली उडी मारली. खाली त्याच्या आईने लिहिलं होतं, "ऑपरेशनला पाच महिने झाले. महिनाभर रोज हे करून घेतोय. बॉलवर एवढा वेळ उभी राहते, मग चालताना पाय का चोरते?"

अकराव्या सेकंदाला मी व्हिडिओ थांबवला. डाव्या मागच्या पंज्याची फक्त नखं बॉलला लागलेली होती, तळव्याची गादी टेकलेलीच नव्हती. उजवा मागचा पाय पोटाखाली मध्यभागी सरकलेला, पाठ कमानीसारखी वर आलेली, पुढच्या पंज्यांची बोटं फाकून रबरात रुतलेली. झिपरी तीस सेकंद उभी होती हे खरं, पण तीन पायांवर. ज्या पायासाठी हे सगळं चाललं होतं तो पाय कामालाच लागत नव्हता.

हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचं कारण हेच दृश्य आहे. मी कुत्र्यांच्या व्यायामाचं काम करते, त्यामुळे असे व्हिडिओ माझ्याकडे वरचेवर येतात. माणसं मनापासून मेहनत घेतात, कुत्रंही जीव तोडून करतं, आणि सगळी मेहनत नको त्या पायाला जाते.

मागची हकिकत

झिपरी सात वर्षांची, मिश्र जातीची, लॅब्रॉडॉरचा अंश उघड दिसणारी. खांद्यापाशी उंची ५४ सेंटिमीटर. खेळताना गर्रकन वळली, ओरडली आणि डावा मागचा पाय उचलून उभी राहिली. गुडघ्यातलं क्रूशिएट लिगामेंट, म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड एकमेकांना बांधून ठेवणारी पट्टी, तुटलं होतं. माणसाचं हे लिगामेंट बहुतेक वेळा एका झटक्यात तुटतं. कुत्र्यात मात्र ते बहुधा आधीपासून झिजत आलेलं असतं आणि तो झटका फक्त शेवटचा असतो. म्हणूनच एका गुडघ्याचं लिगामेंट तुटलेल्या बऱ्याच कुत्र्यांचं पुढे दुसऱ्या गुडघ्याचंही तुटतं. ही गोष्ट आम्हाला बारा आठवडे सतत डोळ्यांसमोर ठेवावी लागली.

ऑपरेशन टीपीएलओ पद्धतीचं झालं होतं. कुत्र्याच्या नडगीच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग मागच्या बाजूला उतरता असतो, साधारण २५ अंशांनी. लिगामेंट शाबूत असेपर्यंत ते मांडीच्या हाडाला त्या उतारावरून घसरू देत नाही. टीपीएलओमध्ये हाड गोलाकार कापून वरचा भाग फिरवतात, उतार ५ अंशांच्या आसपास आणतात आणि प्लेट बसवतात. तुटलेलं लिगामेंट परत येत नाही, पण त्याची गरज कमी होते. हाड भरून यायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. झिपरीचं हाड वेळेत जुळलं, एक्स-रे चांगला आला, पट्ट्यावर फिरवायची परवानगी मिळाली.

हाड जुळलं आणि घरच्यांना वाटलं, झालं. या टप्प्यावर खूप कुटुंबं एकटी पडतात. हाडाची काळजी घेणारे डॉक्टर असतात, स्नायूंबद्दल मात्र कोणी विचारत नाही. पाय न टेकता गेलेल्या पहिल्या काही आठवड्यांतच मांडी झपाट्याने उतरते आणि ती भरून यायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. त्यातच कुत्र्याला तोवर तीन पायांवर जगायची सवय लागलेली असते. दुखणं गेलं तरी सवय जात नाही. झिपरीचं नेमकं हेच झालं होतं.

आधी तपासणी, मग टेप

व्यायामाचं नाव काढण्याआधी मी त्यांना परत डॉक्टरांकडे पाठवलं. पाच महिन्यांनंतरही कुत्रं पाय चोरत असेल तर तो नुसता अशक्तपणा आहे असं धरून चालणं धोक्याचं. गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, मागाहून फाटलेली असू शकते. प्लेट किंवा स्क्रू त्रास देत असू शकतो. खुब्यात किंवा कण्यात काही असू शकतं. डॉक्टरांनी गुडघा, खुबे, पाठ सगळं पाहिलं. पंजा उलटा करून जमिनीवर ठेवून पाहिला. निरोगी कुत्रं उलटा पंजा लगेच सरळ करतं. उशीर लागला तर मज्जातंतूंकडे पाहावं लागतं. झिपरीने तो तत्काळ सरळ केला. गुडघा स्थिर होता, दाबल्यावर दुखत नव्हता, उजवा गुडघाही त्या दिवशी ठीक वाटला. मग मी हो म्हटलं.

पहिल्या दिवशी तासभर आम्ही फक्त मोजत होतो. शिवणकामाची टेप, दोन सारखे वजनकाटे, एक वही. मांडीचा घेर मोजताना कुत्रं चारही पायांवर सरळ उभं हवं, टेप दोन्ही पायांवर नेमक्या त्याच जागी हवी आणि मोजणारा माणूस दर वेळी तोच हवा, नाहीतर आकड्यांना अर्थ राहत नाही. झिपरीचे केस लांब, म्हणून ते ओल्या हाताने चपटे केले, गुडघ्याच्या वाटीपासून वर ठरलेल्या अंतरावर टेप धरली आणि प्रत्येक बाजूला तीनदा मोजून सरासरी काढली. उजवी मांडी ३८.५ सेंटिमीटर, डावी ३५. साडेतीन सेंटिमीटरचा फरक केसांखाली पाच महिने झाकला गेला होता. ताईंचा, म्हणजे मुलाच्या आईचा, हात मी आधी उजव्या मांडीवर ठेवला, मग डाव्या. त्या काही बोलल्या नाहीत, पुन्हा एकदा उजवी दाबून पाहिली.

वजनकाट्यांचं काम जास्त महत्त्वाचं. मागच्या एकेका पायाखाली एकेक काटा, पुढचे पाय तेवढ्याच उंचीच्या फळीवर, मान सरळ, खाऊ नाकाच्या रेषेत. मान खाली-वर झाली की वजन लगेच पुढे-मागे सरकतं, म्हणून पाच वेळा आकडे घेतले. निरोगी कुत्रं उभं असताना साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर आणि ४० टक्के मागच्या पायांवर घेतं, आणि डावी-उजवी बाजू जवळजवळ सारखी असते. झिपरीचं एकूण वजन २७.४ किलो. त्यातलं उजव्या मागच्या पायावर ६.७ किलो, डाव्यावर ३.१, उरलेलं १७.६ किलो पुढे. म्हणजे मागचा एक पाय दुसऱ्याच्या निम्मंही काम करत नव्हता आणि त्याची भरपाई उजवा मागचा आणि पुढचे दोन्ही पाय मिळून करत होते.

पुढच्या पायांचं ओझं हलकं समजू नये. कुत्र्याला आपल्यासारखं गळपट्टीचं हाड नसतं. त्याचे पुढचे पाय धडाला हाडाच्या सांध्याने जोडलेलेच नसतात. छाती दोन खांद्यांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते. जास्तीचं वजन महिनोन्‌महिने त्या झोळीवर येत राहिलं तर खांदे आखडतात, मनगटं दमतात. हे मला माहीत होतं. तरीही तिसऱ्या आठवड्यात मी चुकले, ते पुढे सांगते.

बॉल कपाटात

"बॉल आता कपाटात ठेवायचा," असं मी म्हटल्यावर मुलगा हिरमुसला. "मॅडम, पण तिला आवडतं ते. शेपटी हलवते ना."

शेपटी ती खाऊसाठी हलवत होती. मी त्याला जमिनीवर एका पायावर उभं राहायला सांगितलं, मग पलंगाच्या गादीवर. गादीवर गेल्याबरोबर त्याने हात पसरले, पोट आवळलं, श्वास धरला. "आता सांग, पायात जोर वाढला का?" तो म्हणाला, "नाही, मी फक्त पडत नाहीये." झिपरीही बॉलवर तेवढंच करत होती. हलत्या पृष्ठभागावर शरीर नवीन काही शिकायला धजत नाही, जे भरवशाचं आहे तेच पुढे करतं. झिपरीच्या भरवशाचे होते उजवा पाय, पाठ आणि पुढचे पंजे. हलता पृष्ठभाग वाईट नाही. पण जो पाय सपाट जमिनीवर वजन घेत नाही तो हलत्या बॉलवर घेईल, ही आशा फोल आहे.

व्यायामाआधी घर पाहिलं. गुळगुळीत फरशी, आणि पंज्यांच्या गाद्यांमधून बाहेर आलेले लांब केस. कुत्र्याची पकड त्या गाद्यांत असते आणि झिपरी केसांच्या मोज्यांवर चालत होती. केस कापले, वाढलेली नखं दर आठवड्याला थोडी थोडी कमी केली, कारण लांब नखं जमिनीला आधी लागतात आणि पंजा मागे ढकलतात. तिच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर न सरकणाऱ्या पट्ट्या अंथरल्या. सोफ्यावरून उड्या बंद. फिरणंही बदललं. रविवारचा लांबचा फेरफटका बंद करून रोज तीन वेळा पंधरा मिनिटं, पट्ट्यावर, अगदी सावकाश. वेगात कुत्र्याला एक पाय वगळून पळता येतं. सावकाश चालताना मात्र प्रत्येक पाय टेकवावाच लागतो.

वजनाबद्दल ताईंशी स्पष्ट बोलले. शरीराच्या ठेवणीला १ ते ९ गुण देतात, त्यात ४ किंवा ५ उत्तम. झिपरी ७ वर होती, बरगड्या चाचपडून शोधाव्या लागत. या बाबतीत मला सगळ्यात पटलेला पुरावा ४८ लॅब्रॉडॉर कुत्र्यांच्या आयुष्यभर चाललेल्या अभ्यासाचा आहे, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच विणीतल्या पिल्लांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. कमी खाणारी कुत्री जवळपास दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांना सांधेदुखीही उशिरा झाली. ज्या गुडघ्यात प्लेट आहे त्याच्यासाठी वजन उतरवणं हा व्यायामच आहे. डॉक्टरांनी रोजचं माप ठरवून दिलं आणि व्यायामाचा खाऊ त्याच मापातून सकाळी वेगळा काढायचा, असं ठरलं.

भिंतीशेजारी बसणं

पहिल्या दोन आठवड्यांत दोनच गोष्टी केल्या, उभं राहणं आणि बसून उठणं. बघणाऱ्याला यात काही दिसत नाही, पण मला विचाराल तर अख्ख्या प्रकरणाचं सार या दोन आठवड्यांत आहे.

उभं राहणं म्हणजे चौकोनी उभं राहणं. चार पंजे चार कोपऱ्यांत, पाठ सपाट, मान सरळ. मॅटवर रंगीत चिकटपट्टीने चार खुणा केल्या. झिपरी त्यावर दहा सेकंद उभी राहायची आणि मी तिच्या दोन्ही पुठ्ठ्यांवर, म्हणजे कमरेमागच्या मांसल भागावर, तळहात ठेवून अगदी हलकेच डावीकडे भार द्यायचे, इतका की तिचा पाय हलू नये, पण तिला स्वतःला सावरावं लागावं. दोन सेकंद भार, मग सोडायचं. त्या वेळी डाव्या मांडीवर बोट ठेवलं तर कातडीखाली स्नायू जागा होताना कळायचा. पहिल्या दिवशी तो उशिरा जागा व्हायचा, थरथरायचा आणि विझायचा. चौथ्या दिवशी हात टेकवल्याबरोबर ताठ झाला. एवढ्या लवकर स्नायू वाढत नाही. पहिल्या काही आठवड्यांत जी प्रगती दिसते ती मुख्यतः मेंदू आणि मज्जातंतूंची असते, त्या पायाशी तुटलेलं बोलणं परत सुरू होण्याची.

बसण्याची गोष्ट जास्त अवघड होती. निरोगी कुत्रं बसताना दोन्ही गुडघे सारखे दुमडतं, पंजे पुठ्ठ्याखाली घेतं आणि उठताना दोन्ही पायांनी सारखंच रेटतं. झिपरी डावा पाय बाहेर फेकून उजव्या पुठ्ठ्यावर कलंडत बसायची. उठताना पुढचे पाय आधी पुढे टाकायची आणि त्यांच्या जोरावर स्वतःला ओढून वर घ्यायची. अशा शंभर बैठका काढल्या असत्या तरी डाव्या मांडीला काही मिळालं नसतं.

आम्ही तिला भिंतीला चिकटून उभं केलं, डावी बाजू भिंतीकडे. पाय बाहेर फेकायला जागाच उरली नाही. मागे पंधरा सेंटिमीटर उंचीचा घट्ट ठोकळा ठेवला, म्हणजे पूर्ण खाली जायला नको. गुडघा जितका जास्त दुमडायचा तितका जास्त जोर लागतो, आणि तो तिच्याकडे अजून नव्हता. पुढचे पंजे पाच सेंटिमीटरच्या फळीवर ठेवले. पुढची बाजू थोडी वर घेतली की वजन मागे येतं. खाऊ नाकासमोर, किंचित वर. ती ठोकळ्यावर टेकली, डावा पंजा जागेवर राहिला, आणि उठताना पहिल्यांदाच मागून रेटा आला. "बघ, बघ, मागून उठली!" ताई एवढ्या जोरात ओरडल्या की झिपरी दचकून भुंकली.

एका वेळी तीन बैठका, मध्ये विश्रांती, परत तीन. संपलं. बैठका एक दिवसाआड, कारण जोराच्या व्यायामानंतर स्नायूला सावरायला साधारण ४८ तास द्यावे लागतात. उभं राहण्याचा हलका सराव रोज. आधी पाच मिनिटं चालून अंग गरम करायचं, नंतर परत सावकाश चालायचं. सगळं मिळून पंधरा मिनिटंही लागत नव्हती.

तिसरा आठवडा : माझी चूक

तिसऱ्या आठवड्यात झिपरी आठ बैठका नीट काढू लागली. ठोकळा काढून टाकला होता. मुलगा उत्साहात होता, मीही होते. त्या दिवशी मी दोन बदल एकदम केले. बैठका आठाच्या बारा केल्या आणि पुढच्या फळीच्या जागी मऊ फोमची गादी ठेवली.

नवव्या बैठकीनंतर तिने जमीन हुंगली. दहाव्याला जीभ रुंद होऊन टोकाशी वर वळलेली दिसली. अकराव्याला कान मागे गेले आणि पुढच्या पंज्यांची बोटं फोममध्ये रुतली. अकराव्या सेकंदाला थांबवलेल्या त्या व्हिडिओत दिसली होती तशीच. हे सगळं मी पाहिलं आणि तरी बारावी बैठक काढून घेतली. एकच तर राहिली आहे, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. झोपेतून उठताना झिपरी आखडली होती आणि उजव्या पुढच्या पायाचं मनगट चाटत होती. डॉक्टरांनी पाहिलं. गुडघा सुरक्षित होता, उजव्या खांद्याच्या आणि मनगटाच्या मऊ भागांवर ताण आला होता. पाच दिवस विश्रांती.

मागची मांडी आठव्या-नवव्या बैठकीला दमली, तेव्हा झिपरी थांबली नाही, वजन पुढे ढकलून चालू राहिली. आणि पुढे मी नेमका मऊ, हलता फोम ठेवला होता. मी ताईंना हेच सांगितलं आणि माफी मागितली. कुत्रं, विशेषतः लॅब्रॉडॉरच्या रक्ताचं, खाऊसमोर दमलो म्हणून बसून राहत नाही. हुंगणं, तोंड वळवणं, जीभ पसरणं, पाय फाकणं, थरथर, बसताना तिरकं होणं, ही त्याची नको म्हणायची भाषा आहे. ती वाचणं हे खाऊ धरणाऱ्याचं काम.

त्या दिवसापासून वहीत दोन नियम ठळक अक्षरांत लिहिले गेले. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची : संख्या, वेळ, उंची किंवा पृष्ठभाग. आणि ठेवण बिघडण्याच्या दोन बैठका आधीच थांबायचं. शेवटची बैठक पहिलीसारखीच दिसली पाहिजे. वही मुलाने घेतली. रोजची तारीख, किती केलं, कुठे थांबलो आणि का, एवढंच. सहाव्या आठवड्यातली त्याची एक नोंद मला फार आवडली : "आज ५ ला थांबलो. कान मागे गेले. ती खुश होती पण मी थांबलो."

काठ्या आणि उचललेला पाय

चौथ्या-पाचव्या आठवड्यात परत मागे जाऊन पहिल्यापासून बांधणी केली. सहाव्या आठवड्याच्या मोजणीत वजन २६.३ किलो, डाव्या मागच्या पायावर ३.७, उजव्यावर ५.९. फार नाही, पण आकडा योग्य दिशेला सरकला होता.

मग काठ्या आणल्या. घोड्यांच्या प्रशिक्षणातून आलेला हा प्रकार, त्याला कॅव्हालेटी म्हणतात. हलक्या सहा काठ्या जमिनीवर समांतर मांडायच्या, दोन काठ्यांतलं अंतर सुरुवातीला कुत्र्याच्या खांद्याच्या उंचीएवढं, म्हणजे इथे ५४ सेंटिमीटर. कुत्र्याने त्यांवरून चालत जायचं, प्रत्येक मोकळ्या जागेत पंजे टाकत. पाय उचलावा लागतो, गुडघा आणि घोटा दुमडावा लागतो, आणि पंजा कुठे पडतोय याचं भान ठेवावं लागतं. काठीला हलकासा धक्का लागला की ती पडली पाहिजे, अडखळून कुत्रं पडता कामा नये.

पहिल्या फेरीत झिपरी मागचे दोन्ही पाय एकत्र करून सशासारखी टुणकन गेली. बघायला गोड, उपयोग शून्य. दोन पाय एकत्र उडवले की पुन्हा उजवा पाय डाव्याचं काम करून टाकतो. काठ्या तीनच ठेवल्या, खाऊ नाकाच्या खाली धरला म्हणजे मान वर जाणार नाही, आणि इतकं सावकाश चालवलं की उडी मारायला वेगच मिळेना. तिसऱ्या दिवशी एक-दोन-तीन-चार असा वेगवेगळा ठोका ऐकू आला. मी मुलाला डोळे मिटून ऐकायला सांगितलं. चार पंज्यांचे चार आवाज. डावा मागचा अजून हळू वाजत होता. काठ्यांची उंची शेवटपर्यंत आम्ही मनगटाच्या खालीच ठेवली. उडी मारायला शिकवायचं नव्हतं.

दोन भिंतींच्या अरुंद जागेतून मागे चालणंही सुरू केलं, आधी तीन पावलं, मग आठ. पुढचे पाय फळीवर ठेवून मागच्या पायांनी गोल फिरणंही. बहुतेक कुत्री मागचे पाय कुठे पडतात याकडे फारसं लक्ष देत नाहीत. पुढचे जातील तिथे ते ओढत येतात. आडवं पाऊल टाकताना मांडीच्या आतल्या-बाहेरच्या स्नायूंना काम मिळतं, ते सरळ चालण्यात मिळत नाही.

डाव्या मांडीला सगळ्यात जास्त दिलं ते उजवा मागचा पाय उचलून धरण्याने. ऐकायला सोपं आहे, पण यात फसवणूक सहज होते. मी उजव्या मांडीखाली तळहात ठेवला आणि पंजा जेमतेम दोन सेंटिमीटर उचलला. हात जड लागला. म्हणजे झिपरीने वजन डाव्या पायावर न नेता माझ्या हातावर टाकलं होतं. मी पाय खाली ठेवला, तिला चौकोनी उभं केलं, पुठ्ठा हलकेच डावीकडे नेला आणि मग उचलला. या वेळी पाय पिसासारखा हातात आला. हे नेमकं कसं लागतं ते ताईंना दाखवायला मला तीन भेटी लागल्या, कारण शब्दांनी सांगता येत नाही, हाताला कळावं लागतं. तीन सेकंद, तीन वेळा. दहाव्या आठवड्यात आठ सेकंद. उजवा पाय वाचवणं हाही यातला हेतू होता, कारण त्या गुडघ्यावर गेले कित्येक महिने दुप्पट ओझं होतं. म्हणून डावा पाय उचलून उजव्यावर भार देण्याचा व्यायाम आम्ही एकदाही केला नाही.

बारावा आठवडा

दहाव्या आठवड्यापासून फोम परत आणला, पण मागच्या पंज्यांखाली नाही आणि बैठकांबरोबरही नाही. पुढचे पंजे फोमवर, मागचे घट्ट मॅटवर, नुसतं चौकोनी उभं राहणं, पाच सेकंद. मग आठ. मग हलक्या चढावर पट्ट्यावर चालणं. चढताना वजन मागे येतं, म्हणून चढ हा मागच्या पायांना मिळणारा उत्तम आणि फुकटचा व्यायाम आहे. उतार आम्ही तिरके, नागमोडी उतरायचो, पुढच्या पायांना जपत.

बाराव्या आठवड्याच्या शेवटी तीच टेप, तेच काटे, तोच माणूस. वजन २५.१ किलो. उजवी मांडी ३८ सेंटिमीटर, थोडी कमी झाली ती चरबी उतरल्यामुळे. डावी ३६.८. साडेतीन सेंटिमीटरचा फरक १.२ वर आला होता. काट्यांवर डावा मागचा ४.३, उजवा ५.२, पुढे १५.६. चालताना लंगडणं डोळ्यांना दिसत नव्हतं. व्हिडिओ संथ करून पाहिला तर डाव्या पायाचा टेकण्याचा वेळ अजून किंचित कमी होता.

मुलाने बॉलबद्दल विचारलं. आता विचारणं रास्त होतं. बॉल भिंतीत आणि सोफ्यात घट्ट अडकवून, हलणार नाही असा करून, फक्त पुढचे पंजे त्यावर ठेवून झिपरीला उभं केलं. मी मागच्या पंज्यांकडे पाहत होते. डावी गादी जमिनीवर पूर्ण टेकलेली, चारही बोटं मोकळी. सहा सेकंदांनी मुलाने स्वतःच थांबवलं आणि वहीत लिहिलं.

एक गोष्ट मात्र अजून बाकी आहे. बाराव्या आठवड्यात भिंत काढून पाहिली. शांतपणे सांगितलं की झिपरी सरळ बसते. पण दारावरची घंटा वाजली, ती धावत गेली, "बस" म्हटल्यावर घाईत बसली, आणि डावा पाय पहिल्यासारखा बाहेर गेला. ताईंनी लगेच फोन केला, आवाज पडलेला. मी विचारलं, दिवसभरात किती वेळा गेला? त्यांनी मुलाला विचारलं, त्याने वही काढली. अकरा बैठकांपैकी चार. भिंत परत लावली आहे, एक दिवसाआड, सहा-सहा बैठका. पुढची मोजणी सहा आठवड्यांनी.